चालता बास, बसता बास

ट्युबा दोन जातींचे असतात, हे मला शाळेचा ट्युबा खोक्यातून बाहेर निघाल्यावर कळलं. एक चालत वाजवायचा, एक बसून वाजवायचा. चालत वाजवायचा असतो तो माणूस अंगात घालतो. त्याचं वेटोळं डाव्या खांद्यावरून कमरेपर्यंत येतं आणि मोठं तोंड डोक्यावरून पुढं, रस्त्याकडं बघत असतं. बसून वाजवायचा असतो तो तान्ह्या पोरासारखा मांडीवर घ्यायचा, आणि त्याचं तोंड वर आभाळाकडं. मी बारामतीतल्या एका शाळेत भूगोलाचा शिक्षक. शाळेच्या बँडला संचलनासाठी एक मोठं वाद्य हवं होतं, आणि मी कशालाही नाही म्हणत नाही या एकाच गुणावर ते मागवायचं काम माझ्याकडं आलं. चित्र बघितलं, पितळ चकचकीत दिसलं, मागवलं. प्रजासत्ताक दिनाला आमचे पीटीचे सर ते दोन्ही हातांनी पोटाशी कवटाळून, गच्चीवर पाण्याची टाकी चढवणारे लोक चालतात तसे चालले. झेंड्याला सलामी द्यायची वेळ आली तेव्हा त्यांना हात मोकळा नव्हता. मुख्याध्यापकांनी माझ्याकडं पाहिलं. मी झेंड्याकडं पाहिलं.

तेव्हापासून ते भांडं स्टोअरमध्ये, विज्ञान प्रदर्शनातल्या ज्वालामुखीशेजारी पडून होतं.

खरी लाज वेगळीच होती. आमच्या पट्ट्यातले बँडवाले ट्युबाला ट्युबा म्हणत नाहीत, बास म्हणतात. आणि माझे सासरे, ज्यांना गाव आबा म्हणायचं आणि मीही आबाच म्हणायचो, ते इंदापूर तालुक्यात वरकुट्याजवळच्या एका गावच्या बँडमध्ये उभं आयुष्य बास वाजवत आले होते. वर्षभर ऊस, लग्नसराईत बास. घरात असा जाणता माणूस असताना मी चित्रावरून वाद्य मागवलं होतं. "दारात विहीर, आणि आमचे हे टँकरवाल्याला फोन लावतात," असं माझी बायको तेव्हा म्हणाली. ती म्हणते ते बहुतेक वेळा बरोबर असतं. फक्त ती चारचौघांत म्हणते.

आबा जाऊन आता दुसरं वर्ष सरतंय. घरात त्यांचा विषय अजून हसतच निघतो. मग कुणीतरी उठून पाणी प्यायला जातं.

आबांचा बास अंगात घालायचा होता. जुना पितळी, जागोजागी पोचे आलेला. प्रत्येक पोच्याची गोष्ट त्यांना पाठ होती. "ह्यो घोड्याच्या लाथंचा. आन् ह्यो नवरदेवाच्या मेव्हण्याचा. घोडं परवडलं." त्यांच्या डाव्या खांद्यावर चांगला सुपारीएवढा घट्टा होता आणि त्यांचे सगळे सदरे आधी डाव्या खांद्यावर विरायचे. सासूबाई होत्या तेव्हा त्या नव्या सदऱ्याला आधीच आतून ठिगळ लावून ठेवायच्या. दुकानदाराला वाटायचं, कापड खराब निघालं म्हणून बाई रागावल्यात.

माझी बायको त्यांची एकुलती एक. आमच्या लग्नात बँड आबांचाच होता, पण आबा त्यात नव्हते. आमच्याकडं लग्नाआधी नवरदेव मारुतीच्या पाया पडायला जातो आणि तिथून वाजतगाजत मांडवात येतो, त्याला परण्या म्हणतात. परण्यात मुलीचा बाप नसतो. त्यानं मांडवाच्या दारात हात जोडून उभं राहायचं असतं. त्यामुळं माझ्या परण्यात मी घोड्यावर, पुढं बँड, आणि बँडमध्ये बासची जागा मोकळी. मला त्यातलं काही कळलं नाही, मी घोड्याला घाबरण्यात गुंतलो होतो. पण आबांना दारात उभं राहून सगळं ऐकू येत होतं. "जिना आला, पर खालच्या पायऱ्याच न्हाईत त्याला," असं ते त्या परण्याबद्दल सांगायचे. दर दिवाळीला सांगायचे. गावोगावच्या पोरींचे परण्ये आपण भरून दिले, आणि आपल्याच पोरीचा खालून पोकळ गेला, हे त्यांच्या मनातून कधी गेलं नाही.

म्हणून माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा पेढा तोंडात जायच्या आत ते म्हणाले, "पोरीच्या बापाला अडवत्यात. आज्याला कोण अडवत न्हाय. हिच्या परण्यात मी वाजवणार."

मी आणि बायको एकमेकांकडं बघत राहिलो. कारण त्याच्या आधीच्या दिवाळीत आबांच्या हृदयाचं दुखणं निघालं होतं. ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून ते आमच्याकडं बारामतीला होते. दाढी करून आरशासमोरून येईपर्यंत त्यांना दम लागायचा. बास गावाकडं बँडमध्येच होता. तो आता बँडच्या मास्तरांचा पुतण्या अंगात घालत होता.

पुढच्या तपासणीला त्यांनी स्वतःच डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर त्यांच्या नातवाच्या वयाचे. ते म्हणाले, "आजोबा, चालणं हळूहळू वाढवा. वजन नको. आणि वजन घेऊन, चालत, वर फुंकायचं म्हणाल तर माझ्या डोळ्यांदेखत तरी नको."

"आन् बसून?" आबा म्हणाले.

"बसून हौसेपुरतं फुंकलं तर हरकत नाही."

बाहेर येऊन आबा रिक्षात बसले आणि म्हणाले, "बसून बास कुठं वाजत असतोय व्हय?" आणि मला, आयुष्यात क्वचित मिळते तशी, आपल्या चुकीचं सोनं करायची संधी दिसली. म्हटलं, "वाजतो. माझ्याकडं आहे."

मी सगळं ठरवून टाकलं. परण्या कार्यालयाच्या दारात आला की आत मांडवात आबा खुर्चीवर बसलेले असतील, मांडीवर शाळेचा ट्युबा. बँड आत येईल आणि आबांचा बास त्याला मिळेल. मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, "न्या. वाटलं तर परत आणू नका."

रविवारी मी आबांना शाळेच्या सभागृहात घेऊन गेलो. आमचं सभागृह म्हणजे वर पत्रा, खाली फरशी, आणि एका बाजूला स्टेज. मी ज्वालामुखी बाजूला केला, ट्युबा बाहेर काढला, पुसला. आबा त्याच्याभोवती बैलबाजारात फिरतात तसे फिरले. वाकून आत बघितलं. टिचकी मारली.

"ह्याचं तोंड वर का? पावसाचं पाणी साठवायला?"

"असाच असतो आबा हा. हॉलमध्ये वाजवायचा."

"जड हाय."

"मांडीवरच घ्यायचाय."

खुर्चीत बसून त्यांनी तो मांडीवर घेतला आणि बराच वेळ त्यांना त्याला कुठं धरायचं हेच कळेना. हात सारखा डाव्या खांद्याकडं जायचा. मग चाव्यांवर बोटं बसली आणि त्यांचा चेहरा जरा निवळला. चाव्या त्याच होत्या.

पहिली अडचण पायांची निघाली. आबांचं फुंकणं पायांवर होतं. डावा पडला की फुंकायचं, उजवा उचलताना श्वास घ्यायचा. खुर्चीत बसल्यावर पाय मोकळे, मग श्वास कुठं घ्यायचा तेच त्यांना समजेना. दोनदा ठसका लागला. शेवटी ते बसल्या जागी पाय आपटायला लागले, आणि मी त्यांच्या समोर, स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, परण्यातला घोडा असल्यासारखा चालायला लागलो. म्हणजे त्यांना कुणाच्या तरी मागं चालल्यासारखं वाटेल. त्या वेळी शाळेच्या वॉचमननं दारातून बघितलं. त्यानं सोमवारी कुणाकुणाला काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही.

आणि मग लागला. खालचा, जाड, सलग स्वर. माझ्या चपलांतून तो मला कळला. मी टाळ्या वाजवायला हात उचलले, आणि बघतो तर आबा थांबलेले. मान वर करून पत्र्याकडं बघत होते.

स्वर वर गेला होता, पत्र्याला लागून खाली येत होता. भिंतीवरून एकदा, स्टेजच्या मागून पुन्हा एकदा. चालत्या बासचं तोंड पुढं असतं. वाजवणाऱ्याचा आवाज त्याच्या पुढं चालतो, लोकांकडं जातो, आणि गेला तो गेला. वाजवणारा कायम आपल्या आवाजाच्या मागं. त्यात चहूबाजूंनी ढोल, ताशा, ट्रंपेट. बास एकटा कुणी ऐकत नाही, मीठ कुणी नुसतं खात नाही तसं. आबांनी एवढ्या वर्षांत स्वतःचा आवाज असा समोरून येताना कधी ऐकलाच नव्हता.

त्यांनी पुन्हा फुंकलं. या वेळी पाय न आपटता, कान देऊन. स्वर वर गेला आणि खाली आला. येताना तो कापत होता. मध्ये एका ठिकाणी तुटत होता, जुन्या विहिरीच्या रहाटासारखा. मलाही ऐकू आलं.

"हे माझंच हाय का?" आबा म्हणाले.

म्हटलं, "आबा, पत्र्याचा दोष आहे. इथं गॅदरिंगला मुख्याध्यापकांचं भाषणसुद्धा रडल्यासारखं येतं."

"पत्र्याचा न्हाय, पावणं. पत्र्यानं निस्ता परत केला." मग ते म्हणाले, "मला वाटायचं, माझा आवाज तुपावानी हाय. ह्यो तर कोण म्हातारा कन्हतोय."

"आजारपणातून उठलाय तुम्ही. महिनाभरात येईल."

"आधी कसा हुता ते तरी कुणाला म्हाईत? मला तर न्हाय."

  त्यांनी ट्युबा उलटा करून आतलं पाणी काढलं, उपरण्यानं तोंड पुसून दिलं. वाद्याचं, स्वतःचं नाही. मग तो स्वतः ढकलत ज्वालामुखीशेजारी नेऊन ठेवला. मला हात लावू दिला नाही.

त्यानंतर आबांनी लग्नात वाजवायचा विषय काढला नाही. मुलीनं दोनतीनदा विचारलं, "आबा, वाजवणार ना तुम्ही?" तर म्हणायचे, "बघू की." सकाळचं फिरणं बंद झालं. दुपारी गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि समोरच्या रस्त्यावरून एखादी वरात गेली तर उठून आत यायचे. जेवताना भाकरीचा एक तुकडा उगाच मोडत बसायचे. बायको एकदा मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाली, "काय ऐकवून आणलंत तुम्ही त्यांना?" मी म्हटलं, त्यांचाच आवाज. ती पोळी लाटायची थांबली. म्हणाली, "तो कुणी ऐकवतं का माणसाला?"

लग्नाला थोडेच दिवस राहिले असताना बँडचे मास्तर इंदापूरहून आले. सुपारी त्यांचीच होती. मुलाकडच्यांना डीजे हवा होता, पण परण्यापुरता बँड, हे मी बैठकीत मागून घेतलं होतं. मास्तर आबांपेक्षा वीसेक वर्षांनी लहान, आबांच्याच हाताखाली तयार झालेले, आवाज कायम रस्त्यावरच्या पट्टीत. आमच्या सोसायटीत त्यांनी जिन्यातून "आबाऽ" म्हटलं की तिसऱ्या मजल्यावरची दारं उघडायची.

आबांनी त्यांना सभागृहातलं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "फुटकं वाजतंय माझं. पोरीच्या लग्नात नगं."

मास्तरांनी चहा बशीत ओतला, प्यायले, बशी खाली ठेवली. "आबा, तुमाला बंद खोलीत बसवून एकट्याचा बास ऐकवला. मला तसा ट्रंपेट ऐकवला तर मी उद्या भाजी विकीन. रस्त्यावं कोण एकट्याचं ऐकतंय? आमी हाय की भवतीनं. फुटलं तर आमी भरतू, आमचं फुटलं तर तुमी भरा. आजवर काय येगळं केलं आपुन?"

 आबांनी मास्तरांना "चालायचं किती?" असं विचारलं, आणि मी आणि बायको दोघंही दारातल्या दारात थबकलो.

"मारुती ते कार्यालय. आपला बांध बी त्यापरीस लांब हाय."

"वजन?"

"वजन दुसरं कुणीतरी धरंल की. तुमी निस्तं फुंका."

मास्तरांनी पुतण्याला फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी बास एसटीनं, कंडक्टरशेजारच्या सीटवर बसून, बारामतीला आला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तालीम. बास आबांच्या अंगात घालायचा आणि मागून एकानं वेटोळं दोन्ही हातांनी तोलून धरायचं, म्हणजे खांद्यावर भार येणार नाही. आधी माझ्या भाच्यानं धरलं. तो सहा फुटी. त्यानं उचललं आणि फुंकायची नळी आबांच्या तोंडातून निघून नाकाला लागली. मग मास्तरांनी धरलं, तर ते स्वतःच्या तालात कधी पुढं, कधी मागं. शेवटी मी धरलं आणि सगळं बरोबर बसलं. आमची उंची सारखी होती. म्हणजे आम्ही दोघंही बुटके होतो. लग्न ठरताना बायकोच्या मावशीनं "मुलगा सासऱ्यावर गेलाय" असं म्हटलं होतं ते खोटं नव्हतं.

"पण मला दारात उभं राहायचंय," मी म्हटलं. "मुलीचा बाप आहे मी."

मास्तर डोकं खाजवायला लागले. आबांनी बासमधून मान बाहेर काढायचा प्रयत्न केला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मग. बापानं दारातच पायजे."

माझी बायको तोवर जिन्याच्या पायरीवर बसून बघत होती. डॉक्टरांचं सगळं बोलणं तिला पाठ होतं, आणि औषधांच्या वेळाही. ती उठली, आबांच्या खांद्याच्या आणि पितळेच्या मध्ये हात घालून बघितला, भार येतो का ते. मग मला म्हणाली, "दारात मी उभी राहते. तुम्ही धरा. आणि दम लागला असं वाटलं की काढून घ्यायचा, ते काही म्हणोत."

लग्न इंदापूरला होतं, एप्रिलमध्ये. ऊन असं की घोड्यालासुद्धा कुणीतरी ग्लुकोज पाजत होतं. नवरदेव मारुतीला नारळ फोडून घोड्यावर बसला, बँडनं ओळ धरली, आणि मुलाकडच्या मंडळींना दिसलं ते असं, की मुलीचा बाप, जरीचा फेटा, नवा कोट, दोन्ही हात वर करून एका म्हाताऱ्याच्या पाठीमागं पितळी भांडं धरून उभा.

"व्याही, तुम्ही कुणाकडचे?" नवरदेवाचा काका ओरडला. "एकदा ठरवा!"

दुसरा कुणीतरी म्हणाला, "बँड सांगितला, का बँडवाल्याची मुलगी केली?" सगळे हसले. मीही हसलो. फेटा डोळ्यांवर आला होता आणि वर सरकवायला हात मोकळा नव्हता, त्यामुळं माझं हसणं कुणाला दिसलं असेल असं वाटत नाही.

मास्तरांनी ट्रंपेट उचलला. ताशा कडाडला. आणि माझ्या तळव्यांत ते भांडं जिवंत झालं.

मला हे आधी माहीत नव्हतं. पार्किंगमध्ये त्यांनी जेमतेम फुंकलं होतं. आता स्वर पितळेतून माझ्या हातांत, कोपरांत, दातांत आला. कानांनी मला बास ऐकू येत नव्हता, त्या गलक्यात येणंच शक्य नव्हतं. पण हातांना येत होता. डावा पाय, स्वर. उजवा पाय, श्वास. मीही नकळत तसाच चालायला लागलो. तो कापत होता की तुटत होता ते मला कळलं नाही. नुसता होता, सगळ्यांच्या खाली, आणि घोडा, नवरदेव, वऱ्हाड, त्या काकासकट सगळे त्याच्यावरून चालत होते. आबांची मान ताठ झाली होती. मागून मला त्यांचे कान दिसत होते, घामानं चमकणारे, आणि ते हसत असावेत असं कानांवरून वाटत होतं.

दूध डेअरीच्या कोपऱ्यावर वळलो तिथपर्यंत तसंच.

कोपऱ्यानंतर हातांतली थरथर बारीक झाली. एक स्वर आला, पुढचा अर्धाच आला. मग काही पावलं नुसती गेली. पुन्हा एक आला, आणि त्यानंतर काही आलं नाही. माझ्या हातांत गरम पितळ राहिलं. गंमत म्हणजे ते वाजत होतं तोवर त्याचं वजन मला जाणवलं नव्हतं.

मला वाटलं, थांबले. पण ते थांबले नव्हते. त्यांची पाठ तशीच भरत होती आणि रिकामी होत होती. बोटं चाव्यांवर पडत होती, बरोबर तालात. ते फुंकत होते. फक्त ती फुंक पितळेला जागं करण्याइतकी राहिली नव्हती. आणि भवती ताशा, ढोल, ट्रंपेट. त्यांना ते कळत होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही.

मी पुढं वाकून ओरडलो, "आबा, काढू का?"

त्यांनी नळी तोंडातून न काढता मान हलवली. नाही. सगळा बास नाही म्हणून हलला.

बायकोनं बजावलेलं माझ्या कानांत होतं. मी त्यांच्या मानेकडं बघितलं, कानशिलाकडं बघितलं, चाल बघितली. चाल नीट होती. कार्यालयाची कमान समोर दिसत होती. मी हात आणखी थोडे वर घेतले, सगळा भार माझ्यावर येईल इतके, आणि चालत राहिलो. मास्तरांनी एकदा मागं वळून माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं असणार. ते पुढं बघून आणखी जोरात वाजवायला लागले.

दारात बायको उभी होती. हातात ओवाळणीचं ताट, शेजारी बापाच्या जागी कुणी नाही. बँड थांबला. आम्ही दोघातिघांनी मिळून आबांना बासमधून सोडवलं आणि खुर्चीवर बसवलं. ओठांवर नळीचा गोल लाल उमटला होता. भाचा पाणी घेऊन आला. मी त्यांच्या नाडीवर बोट ठेवलं, मला नाडीतलं काही कळत नसताना. ते मला म्हणाले, "पावणं, फेटा नीट करा. मुलीचं बाप हाय तुमी." तेवढ्यात मला व्याहीभेटीला ओढून नेलं. जाताना मागं बघितलं तर बायको ताट दुसऱ्या बाईच्या हातात देऊन त्यांच्या पायाशी बसलेली, आणि ते वाकून तिला काहीतरी विचारत होते.

लग्न लागलं. आबा पहिल्या रांगेत बसून नातीवर अक्षता टाकत होते. नेम चुकून बऱ्याचशा भटजींवर पडल्या. जेवले, दोन जिलब्या जास्तच. वाटेल तो येऊन सांगत होता, "आबा, काय वाजवलंत!" आणि ते म्हणत होते, "आपलं काय, सगळ्यांनी मिळून."

पाठवणी झाली तेव्हा ऊन उतरलं होतं. कार्यालय रिकामं झालं, आचारी कढया खरडत होते. आबा वधूपक्षाच्या खोलीत झोपले होते आणि बायको मधूनमधून जाऊन त्यांचा श्वास बघून येत होती. शेवटी येऊन ती माझ्याशेजारी स्टेजच्या पायरीवर बसली. मुलगी गेल्यावर आईबाप जसे बसतात तसे आम्ही बसलो होतो. माझे दोन्ही खांदे भरून आले होते.

"कोपऱ्यापर्यंत बास ऐकू येत होता," ती म्हणाली. "मग नाही आला."

मी फेटा काढून गुडघ्यावर ठेवला.

"तुम्हाला कळलं होतं?"

"हातांना कळलं."

तिनं मान हलवली. पदरात अडकलेल्या अक्षता वेचून ती पायरीवर ठेवत राहिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "दारात त्यांनी मला विचारलं, हितवर आला का गं? मी म्हटलं, आला की, आबा, शेवटपर्यंत आला. तुम्हालाही विचारतील उद्या. तुम्ही पण हेच सांगा. दोघांचं वेगळं व्हायला नको."